अस्सल, पण मूळ नव्हे

फेब्रुवारी-मार्चमध्ये धर्माबादच्या मोंढ्यात पाऊल टाकलं की आधी ठसका लागतो, मिरची मग दिसते. लाल ढिगांच्या रांगांमधून खरेदीदार फिरत असतो. मूठभर मिरची उचलतो, एक मोडतो, बिया तळहातावर झटकतो, देठ बघतो, नाकाशी नेतो. माल ओला आहे की वाळलेला, हे त्याच्या बोटांना कळतं. मग हर्रास सुरू होते. ('लिलाव' हा आमच्याकडे कागदावरचा शब्द. तोंडात हर्रासच.) दोन-तीन मिनिटांत ढीग कुणाचा ते ठरतं आणि हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. या सौद्यात मिरची पिकवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, आणि तिच्या आजोबांचं तर नाहीच.

जुन्या मोटारींच्या हर्राशीत नेमकं उलटं असतं. तिथं माल बाजूला राहतो आणि आजोबांचीच चौकशी होते.

जून 2012 मध्ये इंग्लंडातल्या गुडवुड इथं बॉनहॅम्सच्या लिलावात एक लाल, एकाच माणसाला बसता येईल अशी बेंटली विकली गेली. साडेचार लिटरचं इंजिन, त्यावर हवा कोंबणारा सुपरचार्जर. सर हेन्री 'टिम' बर्किन यांनी 1932 च्या मार्चमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर हिच्यातून ताशी 137.96 मैलांची, म्हणजे जवळपास 222 किलोमीटरची फेरी मारली होती. 80 वर्षांनी तिला 50 लाख पौंडांहून थोडी जास्त किंमत आली. अडत तिथंही असते, ती बोलीच्या वर, खरेदीदाराच्या माथी बसते. पण एवढा पैसा टाकणारा माणूस बघतो काय? सांगाड्यावरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, शर्यतीतल्या नोंदी, जुने फोटो, मालकांची साखळी. थोडक्यात, सातबारा आणि फेरफार. एक फेरफार संशयास्पद निघाला, की तेच लोखंड निम्म्या किमतीचं होतं.

हे मला पटायला लागलं ते एका खटल्यामुळे. ती गाडीही बेंटलीच, नाव 'ओल्ड नंबर वन'.

डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी 1919 मध्ये काढलेली ही कंपनी गाड्या उत्तम बनवायची आणि हिशेबात कायम गोत्यात असायची. तिला तगवलं ते किंबर्लीच्या हिऱ्यांच्या पैशानं. हिरेसम्राट बार्नी बार्नाटोचा मुलगा वुल्फ बार्नाटो कंपनीत पैसे ओतायचा आणि तिच्याच गाड्यांतून शर्यती जिंकायचा. फ्रान्समधल्या ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला: 1928, 1929, 1930. यातल्या शेवटच्या दोन्ही विजयांना गाडी एकच होती, साडेसहा लिटरची 'स्पीड सिक्स', म्हणजेच ओल्ड नंबर वन. 1929 मध्ये तर पहिल्या चारही क्रमांकांवर बेंटलीच होत्या.

तरीही 1931 मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसनं ती विकत घेतली. ओल्ड नंबर वन मात्र धावतच राहिली. कधी सांगाडा बदलला, कधी इंजिन. शेवटी तिच्यात आठ लिटरचं इंजिन चढवलं गेलं. सप्टेंबर 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या 500 मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डनफी हा तरुण ती चालवत होता. ब्रुकलँड्सचा ट्रॅक काँक्रीटचा, वळणावर उभ्या उतारासारखा चढवलेला. गाडी वरच्या कडेला गेली आणि कड ओलांडून पलीकडे कोसळली. डनफी जागीच गेला. मोडलेल्या गाडीतून बार्नाटोनं पुढं रस्त्यावर चालवायची बंदिस्त कूपे बांधून घेतली. नंतरच्या मालकांनी ती पुन्हा शर्यतीच्या रूपात आणली.

आता यात 1929 ची गाडी कुठं आहे?

हाच प्रश्न 1990 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढं आला. मालकानं ही गाडी 1 कोटी पौंडांना विकायचा सौदा केला होता. घेणाऱ्या कंपनीनं मागं पाय घेतला. तिचं म्हणणं, ल मां जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात जवळपास काही उरलेलं नाही, मग ही ओल्ड नंबर वन कशी? न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढं जाणकारांनी एकेका भागाचा जन्म काढला. विजयी गाडीचं फारसं काही शिल्लक नाही, हे कोर्टानं मान्य केलं. पण ही गाडी कुणी मोडून टाकून पुन्हा नव्यानं जन्माला घातलेली नाही, तिच्या आयुष्यात कधी खंड पडलेला नाही, ती सतत त्याच नावानं जगत आली आहे. म्हणून तिला 'मूळ' म्हणता येणार नाही, पण 'अस्सल' म्हणता येईल. निकाल मालकाच्या बाजूनं लागला.

मूळ आणि अस्सल हे दोन शब्द आपण रोज एकाच अर्थानं वापरतो. न्यायमूर्तींनी त्यांची वाटणी करून दिली.

उलट प्रकार हवा असेल तर बार्नाटोचीच दुसरी गोष्ट आहे. मार्च 1930 मध्ये त्यानं पैज लावून कानहून निघालेल्या 'ब्लू ट्रेन' या आगगाडीशी शर्यत लावली, आणि ती कॅलेला पोचायच्या आत तो लंडनला पोचला. उतरत्या छपराची एक देखणी बेंटली कूपे कित्येक वर्षं 'ब्लू ट्रेनवाली गाडी' म्हणून मिरवत होती, तिची चित्रंही निघाली. पुढं कागद तपासले तर ती कूपे तयारच मे महिन्यात झाली होती! शर्यत मारली होती एका साध्या चौकोनी सलूननं. म्हणजे कूपेचं लोखंड मूळ, इतिहास उसना. ओल्ड नंबर वनचं लोखंड उसनं, इतिहास तिचा स्वतःचा. मला विचाराल तर मी दुसरीच घेईन. अर्थात मला कोण विचारतंय.

आमच्या भागाशी या गाड्यांचा संबंध नाही असं नाही, फक्त तो लांबून आणि कर भरून आलेला आहे. धर्माबाद निजामाच्या राज्यात होतं. सहावे निजाम महबूब अली खान यांनी 1911 च्या सुमारास एक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मागवली. लंडनच्या बार्कर कंपनीनं बांधलेली, पिवळी, मागं सिंहासनासारखं उंच आसन असलेली. गाडी यायच्या आत निजाम वारले. त्यांचे वारस उस्मान अली खान, 1937 मध्ये ज्यांचं चित्र 'टाइम'च्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकलं, ते काटकसरीसाठी प्रसिद्ध. सिंहासनाची ही गाडी समारंभापुरतीच बाहेर निघायची. उभ्या आयुष्यात ती काही शे मैलच चालली. आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पिवळी रोल्स बघायला रांग लागते. मूळपणात हिचा हात कुणी धरणार नाही. काही केलंच नाही, तर बदलणार काय?

डनफी मेला त्याच्या तीन महिने आधी, जून 1932 मध्ये, निजामाच्या रेल्वेनं 27 बसगाड्या रस्त्यावर आणल्या. त्याही ब्रिटिशच, स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. संस्थानातल्या साध्या माणसाच्या वाट्याला ब्रिटिश मोटार आली ती या बसच्या रूपात, बोचकं मांडीवर घेऊन. त्यांतली एक बस हैदराबादेत जपून ठेवली आहे. तिचे किती भाग मूळ आहेत, असा खटला कुणी कधी भरला नाही.

ओल्ड नंबर वन भारतात असती तर काय झालं असतं, हे मी नियमांत शोधलं. जुलै 2021 मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. वाहन 50 वर्षांहून जुनं हवं. नोंदणी शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरणाला 5,000. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. रोजच्या वापराला किंवा धंद्याला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यापुरतंच रस्त्यावर यायचं. आणि मुख्य अट: वाहन मूळ स्वरूपात हवं, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. निजामाची रोल्स पहिल्या फटक्यात पास. दोनदा ल मां जिंकलेली बेंटली आरटीओच्या खिडकीवरूनच परत.

नियमाला दोष देण्यात अर्थ नाही. एक सांगाडा कापून दोन गाड्या उभ्या करायच्या आणि दोन्हींना तोच क्रमांक ठोकायचा, हे उद्योग मोठमोठ्या नावांच्या गाड्यांबाबत परदेशातही झाले आहेत. किंमत कोटींत गेली की क्रमांकाला कलम फुटतं. कारकुनाला न्यायमूर्ती ऑटनइतका वेळही नसतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या काकांच्या वाड्यात, गोठ्याला लागून बैलगाडी उभी असते. हैदराबादकडून एक माणूस आला. कुणाच्या तरी फार्महाऊसच्या फाटकापाशी ठेवायला त्याला जुनी गाडी पाहिजे होती. मोबाईलचा उजेड पाडून त्यानं आरे बघितले, धाव बघितली, आख वाकून बघितला. मोंढ्यातल्यासारखाच, फक्त ठसका नव्हता.

"किती जुनी आहे?"

"आज्याची हाय," काका म्हणाले. "चाकं म्या बसवली, नांदेडला बँक निघाली होती तवा. आख पोरानं बदलला. साटा दोनदा झाला."

"मग जुनं काय आहे यात?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "गाडी," ते म्हणाले.

तो माणूस बराच वेळ गाडीभोवती फिरला. शेवटी त्यानं फक्त जू मागितलं. ते खरंच जुनं होतं, बैलांच्या मानेनं घासून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. घासाघीस करून पैसे मोजले आणि जीपच्या टपावर बांधून नेलं. पुढच्या आठवड्यात काकांनी सुताराकडून नवं जू करून आणलं आणि गाडी जुंपली.