सर्व्हरचे कंट्रोल पॅनेल

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत मुख्यालय असलेली ‘ईएसडीएस’ ही २००५ मध्ये स्थापन झालेली कंपनी डेटा सेंटर व क्लाउड सेवांच्या क्षेत्रात असून, भार वाढताच आभासी सर्व्हरची स्मृती व प्रक्रियाशक्ती आपोआप वाढवणाऱ्या तिच्या ‘एनलाइट’ प्रणालीला अमेरिकेत पेटंट मिळाले आहे. अशा सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे एकत्र नांदतात, तेव्हा प्रत्येकाची ईमेल खाती, डेटाबेस आणि डीएनएस नोंदी, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी वही, हे सारे आज्ञा टंकून सांभाळणे जिकिरीचे असते. हेच काम ब्राउझरच्या पडद्यावर आणणारी प्रणाली म्हणजे कंट्रोल पॅनेल होय.

१९९६ मध्ये आलेल्या सी-पॅनेलने या कामाची दोन दालने केली: ग्राहकासाठी सी-पॅनेल आणि सर्व्हर प्रशासकासाठी डब्ल्यूएचएम, जिथे खाती उघडली जातात व जागेची मर्यादा ठरते. सी-पॅनेल बनवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये परवान्याचा दर सर्व्हरऐवजी खात्यांच्या संख्येशी जोडला आणि एकाच सर्व्हरवर अनेक लहान ग्राहक सांभाळणाऱ्यांचा खर्च वाढला. त्यांच्यासाठी १९९७ पासून उपलब्ध असलेले मुक्तस्रोत वेबमिन हा आजही विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.

पॅनेलमुळे काम सोपे होते, मात्र संपूर्ण सर्व्हरची किल्लीही त्याच एका पडद्यामागे येते. म्हणून डब्ल्यूएचएमचे २०८७ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे त्याचे प्रवेशद्वार, प्रशासकांनी ठरावीक आयपी पत्त्यांपुरतेच खुले ठेवावे आणि द्विस्तरीय पडताळणी आजच सुरू करावी.