आकड्यामागील अक्षर

फाब्रिस बेलार यांनी २००३ साली आरंभिलेल्या ‘क्यूएमू’ या मुक्तस्रोत अनुकरण-प्रणालीत नुसता ‘५१२’ हा आकडा स्वयंपूर्ण नसतो. स्मृतीचे मान म्हणून तो दिल्यास ५१२ मेगाबाइट समजले जातात. आभासी डिस्क निर्माण करणाऱ्या तिच्याच सहायक उपकरणास दिल्यास अवघे ५१२ बाइट! तेव्हा प्रत्यय लिहिणेच श्रेयस्कर. ‘के’, ‘एम’, ‘जी’ हे प्रत्यय क्रमाने १०२४ पटींनी चढतात, ‘१.५जी’ हे अपूर्णांकयुक्त रूपही ग्राह्य होय. खरी अडचण ‘ई’ आणि ‘बी’ यांची. दशमान संख्येपुढील ‘ई’ एक्साबाइट दर्शवितो. परंतु शास्त्रीय लेखनात तोच दहाच्या घाताचे चिन्ह असल्याने ‘१ई३’ हे रूप विश्लेषक बुद्ध्याच नाकारतो. षोडशमान लेखनात तर ही दोन्ही अक्षरे अंकच ठरतात. त्यामुळे ‘०एक्स१बी’ म्हणजे एक बाइट नव्हे, तर २७.