फाईल-प्रणाली तपासणी

संगणकाच्या तबकडीवरील फाईलींविषयीच्या नोंदी परस्परांशी सुसंगत आहेत की नाहीत, हे पडताळून पाहण्याच्या व शक्य तेथे त्या दुरुस्त करण्याच्या क्रियेस फाईल-प्रणाली तपासणी म्हणतात. वीजपुरवठा अनियमित असेल, स्मृती सदोष असेल वा तबकडी जुनी झाली असेल, तर ही तपासणी नियमितपणे करणे अगत्याचे ठरते. मात्र अशाच यंत्रावर ती अविचाराने केल्यास हानीही होऊ शकते.

तबकडीवरील जागा समान आकारमानाच्या खंडांत विभागलेली असते. कोणती फाईल कोणत्या खंडांत आहे, कोणते खंड रिकामे आहेत आणि फाईलीचे नाव कोणत्या निर्देशिकेत आहे, यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एक फाईल लिहिताना या अनेक नोंदी एकामागून एक बदलाव्या लागतात. मध्येच वीज गेल्यास काही नोंदी नव्या, तर काही जुन्या राहतात. वापरातील खंड रिकामा म्हणून नोंदला गेला असेल, तर पुढील लेखनात त्यातील मजकूर नष्ट होतो. अशा रीतीने मूळचा लहान दोष संगणक चालू ठेवल्याने वाढत जातो.

कार्यपद्धती : युनिक्स प्रणालीत प्रारंभी या कामासाठी आयचेक, डीचेक असे वेगवेगळे कार्यक्रम होते. त्यांची जागा पुढे टी. जे. कोवाल्स्की यांच्या एफएससीके या कार्यक्रमाने घेतली. बर्कली येथील ४.२ बीएसडी (१९८३) या आवृत्तीच्या नव्या फाईल-प्रणालीसाठी मार्शल कर्क मॅकूसिक यांनी त्यात सुधारणा केल्या. ही तपासणी पाच टप्प्यांत होते : खंड व फाईलींची आकारमाने, निर्देशिकांतील नावे, निर्देशिकांची परस्परजोडणी, प्रत्येक फाईलीच्या संदर्भांची संख्या आणि शेवटी रिकाम्या खंडांची यादी. जिचे नाव कोणत्याही निर्देशिकेत आढळत नाही, अशी फाईल पुसून न टाकता हरवलेल्या वस्तूंसाठी राखलेल्या वेगळ्या निर्देशिकेत ठेवतात.

लिनक्सच्या ईएक्सटी-२ (१९९३) या फाईल-प्रणालीत ठराविक वेळा जोडणी झाल्यावर किंवा १८० दिवस उलटल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तपासणी आपोआप होत असे. मोठ्या तबकड्यांना तीस फार वेळ लागू लागला. ईएक्सटी-३ (२००१) मध्ये होऊ घातलेले बदल आधी एका रोजनाम्यात लिहिण्याची सोय झाली. त्यामुळे वीज गेल्यानंतर संपूर्ण तपासणीची गरज बहुधा उरली नाही. परंतु यंत्रातील दोषाने बिघडलेल्या नोंदी रोजनाम्याने सुधारत नाहीत.

मर्यादा : ही तपासणी नोंदींचा मेळ पाहते, मजकुराचा खरेपणा पाहत नाही. फाईलीतील अक्षर बदलले, तरी नोंदी जुळत असल्यास तपासणी निर्दोष ठरते. असे मूक दोष विरळ नाहीत. १५·३ लक्ष तबकड्यांच्या ४१ महिन्यांच्या अभ्यासात (२००८) असे चार लक्षांहून अधिक दोष आढळले. स्मृतीविषयीच्या दुसऱ्या एका अभ्यासात (२००९) एका वर्षात आठ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत दोष दिसून आले. यावर उपाय म्हणून सन कंपनीच्या झेडएफएस (२००५) या प्रणालीत प्रत्येक खंडाच्या मजकुरावरून काढलेली पडताळा-संख्या स्वतंत्रपणे जतन करतात व वाचतेवेळी ती ताडून पाहतात.

दक्षता : स्मृती सदोष असल्यास तपासणारा कार्यक्रमही चुकीचे वाचतो आणि सुस्थितीतील नोंदी ‘दुरुस्त’ करून बिघडवतो. म्हणून वारंवार दोष आढळल्यास प्रथम स्मृती, जोडतारा व वीजपुरवठा तपासावा. नंतर तबकडीची खंडशः प्रत काढून ती भरवशाच्या यंत्रावर, काहीही न लिहिता, तपासावी व मगच दुरुस्तीस परवानगी द्यावी. फाईल-प्रणाली वापरात असताना दुरुस्ती कधीही करू नये. तपासणी नष्ट झालेला मजकूर परत आणू शकत नाही. ते काम अन्यत्र ठेवलेल्या राखीव प्रतीच करू शकतात.