नाव काय, गाव कोणतं?

अनोळखी माणूस भेटला की मराठवाड्यात पहिले दोन प्रश्न हेच. नांदेड-लातूरकडच्या लेकरांचं शिक्षण आणि पोटापाण्याचं गणितही या दोन प्रश्नांभोवती किती फिरलंय, ते बघा.

1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथं सरकारी नोकरी हवी तर माणूस 'मुल्की' लागायचा. 1919 च्या फर्मानानुसार बाहेरून आलेल्यानं 15 वर्षं संस्थानात काढायची आणि मूळ गावी परतायचा इरादा सोडल्याचं प्रतिज्ञापत्रही द्यायचं! इथंच जन्मलेल्या मराठी पोराला हा कागद लागत नव्हता, पण त्याची अडचण वेगळी होती. कारभार उर्दूत, वरचं शिक्षणही उर्दूत. 1918 मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचंच. म्हणून राष्ट्रीय शाळा निघाल्या. हिप्परग्याच्या अशाच शाळेत शिकवायला आले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. आजच्या कर्नाटकात जन्मलेले आणि त्याआधी कामगार नेते ना. म. जोशींसोबत काम केलेले. नांदेडच्या विद्यापीठाला नाव आहे ते या बाहेरून आलेल्या मास्तरांचं.

राज्यघटनेतही मराठवाड्याचं नाव आहे. कलम 371(2) उघडा. तांत्रिक शिक्षणाच्या सोयी आणि राज्य सरकारी नोकऱ्यांतली संधी यांचं न्याय्य वाटप व्हावं, हे तिथं स्पष्ट शब्दांत लिहिलंय.

आणि तरीही 70:30 आलंच. वैद्यकीय प्रवेशात 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना, उरलेल्या 30 टक्के राज्यभरासाठी खुल्या. ऐकायला बरोबर वाटतं. पण मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयंच मोजकी, त्यामुळे 70 टक्के म्हटलं तरी जागा थोड्या. जास्त गुण मिळवलेली लातूरची मुलगी बाहेर राहायची आणि तिच्यापेक्षा कमी गुणांवर दुसऱ्या विभागातल्या कुणाला प्रवेश मिळायचा. गुण तिचे, पण भाव तिच्या गावाला! हा नियम सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाला. घोषणा केली तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी, म्हणजे लातूरच्याच आमदारांनी.

हे गुण यायचे कुठून? 'लातूर पॅटर्न'मधून. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी जादा तास आणि सरावाच्या परीक्षांवर परीक्षा अशी घडी बसवली, आणि गावाची अर्थव्यवस्थाच पालटली. कामासाठी लोक पुण्या-मुंबईला जातात. इथं मात्र शिकण्यासाठी लोक येतात. खोल्या, खानावळी, अभ्यासिका, सगळं पोरांच्या जिवावर. कित्येक आया लेकरासाठी वर्ष-दोन वर्षं लातुरात खोली करून राहतात. हे स्थलांतर कुणी मोजत नाही, मला मात्र ते फार मोलाचं वाटतं.

त्याच जिल्ह्यांतून दिवाळीच्या आसपास दुसरी गर्दी उलट्या दिशेनं निघते. मुखेड, कंधार, जळकोटकडची माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथला हिशेब ऐका. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचल सहसा नवऱ्याच्या हातात पडते. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, पण हिशेबात तिचं नाव शोधून सापडत नाही. लेकरांची शाळा निम्म्या वर्षावर सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहाची सोय काढली आहे. ती जिथं वेळेवर सुरू होत नाही, तिथं पोरगं फडावर जातं.

एप्रिल 2016 मध्ये तहानलेल्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. कुठून? मिरजेहून, म्हणजे त्याच ऊसपट्ट्यातून.

राहिला नावाचा प्रश्न. अभ्यासक सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना हजारो अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. अर्जात गाव नव्हे, आडनाव वाचलं गेलं होतं.

थोरात स्वतः मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी ते 1950 मध्ये उभं केलं. मराठवाड्याला पहिलं विद्यापीठ मिळालं, ते त्यानंतर आठ वर्षांनी.