खिडकीच्या कडेवरून निसटणारी ऊब

जर्मनीतला हिवाळा. बाहेर उणे 5 अंश, घरात 20. अशा घरात बुरशी पहिल्यांदा कुठे धरते? भिंतीच्या मधोमध क्वचितच. ती धरते खोलीच्या कोपऱ्यात, नाहीतर खिडकीच्या चौकटीला लागून असलेल्या गिलाव्यावर. आतल्या हवेत 50 टक्के आर्द्रता असेल, तर भिंतीचा एखादा भाग 12.6 अंशांखाली गेला की बुरशीला पुरेसा ओलावा मिळतो. पाण्याचे थेंब दिसावे लागत नाहीत; दवबिंदू त्याहूनही खाली, साधारण 9.3 अंशांवर असतो. डीआयएन 4108 या जर्मन मानकानेही हाच 12.6 चा आकडा किमान मर्यादा म्हणून धरला आहे.

चौकटीजवळच असं का होतं? तिकडच्या अनेक घरांना विटांच्या भिंतीवर बाहेरून पॉलिस्टायरिनचा, म्हणजे आपल्या थर्माकोलचा, 16 ते 20 सेंटीमीटर जाड थर लावलेला असतो. खिडकीसाठी भोक ठेवलं की हा थर तिथे तुटतो. आतली उष्णता मग चौकटीला वळसा घालून उघड्या विटेतून बाहेर पडते. अशा चोरवाटेला थर्मल ब्रिज म्हणतात.

ही गळती किती असते, याचा हिशोब सोपा आहे. समजा, खिडकी 1.2 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच आहे. तिचा परीघ 5.4 मीटर. कडेच्या दर मीटरमागे एका अंशाच्या फरकाला 0.1 वॅट जादा उष्णता जाते असं धरलं, तर सगळ्या कडेतून 0.54 वॅट जातात. चांगल्या उष्णतारोधक भिंतीच्या एका चौरस मीटरमधून जातात 0.2 वॅट. म्हणजे नुसती कड 2.7 चौरस मीटर भिंतीएवढी ऊब घालवते. खिडकीचं स्वतःचं क्षेत्रफळ आहे 1.8!

उपाय गवंडीकामातला आहे आणि जुना आहे. थर्माकोलचा थर भोकाशी न थांबवता चौकटीवर दोन-तीन सेंटीमीटर चढवायचा, किंवा अख्खी खिडकीच बाहेर सरकवून थराच्या रेषेत बसवायची. पॅसिव्हहाउस पद्धतीच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणाऱ्या घरांत या कडेकडे विशेष लक्ष दिलं जातं. अशा घरांचं पहिलं उदाहरण डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात 1991 मध्ये राहायला खुलं झालं.

आता हेच संगणकावर काढायचं म्हटलं की खरी गंमत सुरू होते. रेव्हिट हे 2000 साली आलेलं आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलेलं सॉफ्टवेअर. त्यात भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नसतात. गिलावा, वीट, थर्माकोल असे थर एकावर एक रचलेले असतात. खिडकी टाकली की सुरीने केक कापावा तसे सगळे थर सरळ कापले जातात. कडेला काय व्हावं, हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. ते सांगावं लागतं. त्यासाठी थर भोकाशी आत वळवण्याची सोय आहे: बाहेरचे थर वळवायचे, आतले, की दोन्ही, ते ठरवता येतं. किती आत वळवायचे, ते खिडकीच्या घटकातल्या एका संदर्भ-रेषेवरून ठरतं.

वाचायला सोपं वाटतं, पण अडचण पुढेच आहे. हे वळण मुख्यतः आडव्या छेदाच्या नकाशापुरतं कामाचं. उभ्या छेदात, म्हणजे खाली सिलपाशी आणि वर लिंटेलपाशी, त्यावर विसंबता येत नाही. शिवाय 18 सेंटीमीटरचा थर वळला तर साइटवर चौकटीशी उरणारी तीन सेंटीमीटरची पट्टी त्यातून दिसत नाही. म्हणून जाणकार मंडळी ती पट्टी खिडकीच्या घटकातच वेगळी काढून ठेवतात आणि तिची जाडी बदलता येईल अशी सोय करतात. खिडकी शंभर ठिकाणी टाकली तरी पट्टी बरोबर येते आणि किती मीटर माल लागेल, तेही मोजता येतं.

इथे अतिउत्साह मात्र नको. प्रत्येक खिडकीभोवतीचा फोम, टेप आणि स्क्रू त्रिमितीत काढत बसलं, तर फाइल जड होते आणि हाती फारसं लागत नाही. मॉडेलमध्ये पट्टी असावी. बाकी बारकावे मोठ्या मापाच्या द्विमितीय तपशिलात दाखवावेत.

शिवाय पट्टी काढली म्हणजे गळती मोजली, असं होत नाही. त्यासाठी कडेचा छेद थर्मसारख्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावा लागतो. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि छेदात कुठे किती तापमान आहे, ते रंगांत दाखवतं. त्यातून निघालेला आकडा पॅसिव्हहाउस संस्थेच्या पीएचपीपी या तक्त्यात भरतात. तिथे खिडकीच्या डाव्या, उजव्या, वरच्या आणि खालच्या कडेसाठी वेगवेगळे रकाने आहेत, कारण चारही कडा सहसा सारख्या नसतात. सिलपाशी पाण्याचा उतार असतो, लिंटेलपाशी कधी शटरची पेटी.

महाराष्ट्रात अशा थंडीशी गाठ पडत नाही, पण अशा मॉडेलशी पडते. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत परदेशी इमारतींची मॉडेल्स तयार करणारे तरुण कमी नाहीत. बुरशी धरलेली खिडकीची कड त्यांच्यापैकी अनेकांनी कधी पाहिलेलीही नसते, त्यामुळे थर भोकाशी तुटला तर त्यांना खटकत नाही. अशा कामाला हात घालण्याआधी तिकडच्या आर्किटेक्टकडून खिडकीचे आडवा आणि उभा, दोन्ही छेद मागून घ्यावेत, आणि ते मिळेपर्यंत खिडकीचा घटक पक्का करू नये.