चाळीस किलोमीटरवरचे पाहुणे

आमचं गाव बीदर जिल्ह्यातलं, भालकीकडचं. लहानपणी एकदा ऐन हिवाळ्यात आजीनं मला भल्या पहाटे उठवून अंगणात नेलं होतं. तांबडं फुटायचं होतं, गाव अंधारात होतं. पण आभाळात एक पांढरा ठिपका असा झळकत होता, की शुक्राची चांदणी फिकी पडावी. "ही चांदणी नव्हं," आजी म्हणाली, "हे हैदराबादचं हाय."

आजीचं बरोबर होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला १९६९पासून आहे. पातळ पॉलिथीनचे हे फुगे पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे होतात आणि तीस ते बेचाळीस किलोमीटर वर जातात. तिथं सूर्य आपल्या कितीतरी आधी उगवतो, म्हणून खाली काळोख असताना फुगा वर उजळलेला दिसतो. काम झालं की उपकरणं रंगीत हवाई छत्रीला लटकून खाली येतात, फुग्याचं प्लास्टिक कुठंतरी वेगळं पडतं. हे 'कुठंतरी' म्हणजे बहुतेक वेळा विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आजूबाजूची शिवारं. म्हणजे आमचीच.

आमच्या भावकीतल्या एकानं असं सापडलेलं प्लास्टिक कडब्याच्या गंजीवर टाकलं होतं. फुकटची ताडपत्री, म्हणून तो खुशीत. दोन उन्हाळे गेले आणि त्या प्लास्टिकला बोट लावलं तरी भुगा पडायला लागला. अतिनील किरणांशी माझी पहिली ओळख ती. शब्द पुढं शाळेत कळला.

१८ जानेवारी २०२५च्या सकाळी हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगी गावात असाच एक फुगा उपकरणासकट उतरला. लाल दिवा लुकलुकतोय, अवाढव्य पांढरं प्लास्टिक पसरलंय. लोक घाबरले, पोलीस आले. सोबतच्या पत्रावरून कळलं, की हा हैदराबादचा ऐवज. या केंद्राचं आवाहन दरवर्षी ठरलेलं असतं: सापडलेली वस्तू उघडू नका, आत जास्त दाबाची वीज असू शकते, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, योग्य बक्षीस मिळेल. आमच्या गंजीवाल्यानं हे आवाहन वाचलं नसावं, किंवा वाचून विचार केला असावा.

जलसंगीचं नाव बातमीत वाचून मला हसू आलं. या गावाची जुनी ओळखही लिहिण्याचीच आहे. इथल्या चालुक्यकालीन मंदिराच्या भिंतीवर एक शिल्प आहे: एक तरुणी उभी राहून शिलालेख लिहिते आहे, आणि तो लेख आहे सम्राट विक्रमादित्याच्या स्तुतीचा. नऊशे वर्षं ऊन खात ती लिहिते आहे. तिच्या गावात आभाळातून पत्र यावं, यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

पण मला लिहायचंय ते अशाच एका फुग्याबरोबर खाली आलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ऐवजाबद्दल.

२० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून इस्रोनं एक फुगा सोडला. त्याखाली ४५९ किलोचं ओझं, त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन आणि निऑनमध्ये बुडवलेल्या, निर्जंतुक करून निर्वात केलेल्या पोलादी नळ्या. नळी उघडली, की बाहेरची हवा आत शिरून गारठ्यानं गोठते, गोठली की आणखी हवा ओढली जाते. पंप लागतच नाही. ही युक्ती नवी नव्हती. १९८७, १९९० आणि १९९४ साली याच आभाळात क्लोरोफ्लुरोकार्बनसारख्या ओझोनखाऊ वायूंची मोजणी अशाच नळ्यांनी झाली होती. या खेपेला शोध मात्र जिवंत पेशींचा होता. वीस ते एकेचाळीस किलोमीटरदरम्यानची हवा घेऊन नळ्या खाली आल्या. काही हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत गेल्या, काही पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात. तपासणारे शास्त्रज्ञ एकीकडे एस. शिवाजी, दुसरीकडे योगेश शौचे. दोन्ही प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासायचं ठरलं होतं, आणि मला या प्रयोगातली सर्वात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते.

एकूण बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या. तीन जिवाणू अगदी नवे निघाले. २००९मध्ये त्यांचं बारसं झालं: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट. तिघेही आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांना कितीतरी चिवट.

ही चिवटाई किती मोठी, हे समजायला वरची परिस्थिती डोळ्यांपुढं आणावी लागते. ओझोनचा दाट थर साधारण वीस ते पंचवीस किलोमीटरवर. एकेचाळीसवर गेलं, की या ओझोनच्या छत्रीचा मोठा भाग पायाखाली राहतो. आपल्यापर्यंत कधीच न पोचणारे 'सी' गटातले अतिनील किरण तिथं उघड्या पेशीवर पडतात आणि डीएनएच्या शिडीतल्या शेजारच्या पायऱ्या एकमेकींना चिकटवून टाकतात. शिडी दुरुस्त करता आली तर पेशी जगते, नाही तर संपते. बॅसिलस मंडळी जाड कवचाचा बीजाणू करून बसतात. जॅनिबॅक्टरला ती सोय नाही, म्हणून मला तोच जास्त आवडतो.

आता भांडण. या प्रयोगाचे प्रमुख होते जयंत नारळीकर. मराठी वाचकाला त्यांची ओळख करून देणं म्हणजे पंढरपूरचा पत्ता सांगणं. त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल आणि हॉयल यांचे सहकारी चंद्र विक्रमसिंघे यांचं म्हणणं, की जीवसृष्टीचं बियाणं अंतराळातून धूमकेतूंबरोबर येतं. हे तपासायला सोडलेल्या फुग्यांची पहिली खेप २१ जानेवारी २००१ची. तिच्यातल्या नळ्यांचा काही भाग ब्रिटनला गेला आणि एकेचाळीस किलोमीटरवरच्या हवेत जिवंत पेशींचे पुंजके असल्याचं त्याच वर्षी जुलैत जाहीर झालं. काही आठवड्यांत, ऑगस्टमध्ये, हॉयल वारले. शेफिल्डच्या मिल्टन वेनराइट यांनी त्या नमुन्यांतून जे वाढवलं, ते निघालं पृथ्वीवरचंच ओळखीचं: बॅसिलस सिम्प्लेक्स, स्टॅफिलोकॉकस पाश्चुरी आणि एक बुरशी. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. हे परग्रहावरचे असतील तर इतके घरच्यासारखे कसे?

त्यावरचा उलट सवालही बिनतोड होता. वादळी ढगांचे माथे सोळा-अठरा किलोमीटरवर थांबतात. तिथून पुढं एकेचाळीसपर्यंत या पेशींना कोण चढवतं? २००९मध्ये इस्रोनं जपून शब्द वापरले: यातून परग्रहावरचं मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढं न्यायला हुरूप येतो. विक्रमसिंघे यांना एवढा संयम कधी जमला नाही. माझं मत विचाराल, तर जिवाणू इथलेच. पण अवघड प्रश्नाला नळी लावून हवा पकडण्याची नारळीकरांची वृत्ती मला त्यांच्या निष्कर्षापेक्षा मोलाची वाटते. मे २०२५मध्ये ते गेले. तेव्हा जलसंगीच्या फुग्याला नुकतेच चार महिने झाले होते.

खाली, आमच्याकडं, शिडीच्या पायऱ्या रोज चिकटतातच. कलबुर्गीच्या तुरीत किंवा शहाबादी फरशीच्या खाणीत दिवसभर वाकणाऱ्या माणसाच्या कातडीत हेच घडतं; तिथं 'बी' आणि 'ए' गटातले किरण पोचतात. उष्ण कटिबंधात ओझोन मुळातच पातळ आणि सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर, मे महिन्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये लोक उन्हाला घाबरतात, ऑगस्टमध्ये गार वारं लागतं म्हणून उघड्या डोक्यानं खुरपतात. अतिनील किरणांना गारव्याशी देणंघेणं नाही आणि पातळ ढगही ते अडवत नाहीत. सावळी कातडी बरंच निभावून नेते, डोळ्यांना ती सोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोतीबिंदूनं अंध झालेल्यांपैकी दहा टक्क्यांपर्यंत लोकांच्या बाबतीत अतिनील किरण कारण असू शकतात. आमच्याकडं शेतात गॉगल घातला, तर चेष्टा होते. पदर आणि रुमाल चालतो.

आणि उलटी तऱ्हा बघा. बीदरचे बिदरी कारागीर किल्ल्यातली अशी माती शोधतात, जिला वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही. जिभेवर ठेवून पारखतात, नवसागराबरोबर उकळतात, आणि जस्त-तांब्याचं भांडं तिच्यात काळंभोर होतं. चांदी तेवढी पांढरी राहते.

तिघा जिवाणूंचं पुढं काय झालं, याचा माग काढताना मी चक्रावलो. आर्यभटाच्या नावाचा तो जिवाणू नंतर जगभरच्या मातीत सापडत गेला. २०१४मध्ये इंदूरच्या सोयाबीन संशोधकांनी मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत त्याचेच वाण वापरून पाहिले. मातीत अडकलेलं जस्त तो विरघळवतो आणि सोयाबीन-गव्हाच्या मुळांना देतो. आभाळात एवढ्या वर शोधलेला पाहुणा मुळांपाशी नांदत होता.

आमच्या चुलतभावाचं सोयाबीन दरसाल असतं. त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"मंग त्याला धरायला एवढं वर कशाला जायचं?" तो म्हणाला. "माझ्या वावरात यायचं की."