'विकणे आहे' : वापरलेल्या उपकरणांच्या ऑनलाइन जाहिरातींतील वर्णन आणि विश्वास

'विकणे आहे' ही मराठी छोट्या जाहिरातीतील सर्वांत परिचित शब्दरचना होय. तीत वस्तू आहे, क्रिया आहे. परंतु कर्ता नाही. वृत्तपत्रातील जाहिरातीत हा अध्याहृत कर्ता खाली छापलेल्या पत्त्यावरून शोधून काढता येत असे. ओएलएक्स (२००६) व क्विकर (२००८) यांसारख्या संकेतस्थळांनी जाहिरात बहुधा विनामूल्य केली, तिला छायाचित्राची जोड दिली आणि तिची मजल गावापलीकडे नेली. मात्र कर्ता अधिकच दूर गेला. म्हणून अशा जाहिरातीवरून वापरलेले घरगुती उपकरण घेण्याचा प्रश्न हा जितका यंत्राच्या परीक्षेचा, तितकाच शब्दांच्या परीक्षेचाही आहे.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण ठरेल. येथील एखाद्या कुटुंबाला उन्हाळ्याच्या तोंडावर शीतकपाट किंवा कूलर घ्यावयाचा असेल, तर मोबाइलवर दिसणारी वस्तू सेलूची असेल, परभणीची असेल किंवा शंभराहून अधिक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरचीही असेल. ती आणण्यासाठी टेम्पोचे भाडे पडते. ती परत नेण्याचे भाडे अर्थातच कोणी देत नाही. किमतीत वाचलेले हजार-दोन हजार रुपये एका फसलेल्या फेरीत संपून जातात.

आठवडी बाजारात बैल घेणारा शेतकरी या बाबतीत अधिक सुरक्षित असतो. लाल कंधारी खोंड विकत घेताना तो दात पाहतो, चालवून पाहतो, विकणाऱ्याचे गाव विचारतो, आणि त्या गावचा ओळखीचा माणूस मध्ये घालतो. विक्रेत्याला वस्तूचा दोष ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो, ही विषमता तो अशा रीतीने कमी करतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन याच विषमतेचे विवेचन केले. चांगली व वाईट वस्तू ओळखता येत नसेल, तर ग्राहक सर्वांनाच कमी भाव देतो, चांगल्या वस्तूचा मालक बाजारातून निघून जातो आणि वाईट वस्तू मागे उरतात, असा त्यांच्या सिद्धान्ताचा सारांश आहे. तेव्हा अत्यंत स्वस्त वस्तू हे भाग्य नसून पुष्कळदा संकेत असतो.

कायद्याची भूमिकाही येथे ध्यानात घेतली पाहिजे. स्वतःच्या घरातील वस्तू प्रसंगी विकणारी व्यक्ती व्यापारी नव्हे. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचा आधार तिच्याविरुद्ध सामान्यतः मिळत नाही. उरतो तो मालविक्री कायदा, १९३०. त्याच्या सोळाव्या कलमानुसार वस्तूच्या गुणवत्तेची गर्भित हमी प्रायः त्या वस्तूचा व्यवसाय करणाऱ्याकडूनच अपेक्षिता येते. परंतु पंधरावे कलम असे सांगते की, वर्णनावरून विक्री झाली असता वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. म्हणजे खाजगी विक्रेत्याने दिलेले वर्णन हाच ग्राहकाचा मुख्य आधार होय. मात्र वर्णन या संज्ञेस पात्र होईल असे काही जाहिरातीत असले पाहिजे.

या दृष्टीने जाहिरातींतील शब्दांचे दोन वर्ग पडतात. 'कंडिशन एकदम चांगली', 'जास्त वापर नाही', 'अर्जंट विकणे आहे' हे मोघम शब्द होत. त्यांतून विक्रेत्याची इच्छा कळते, वस्तू कळत नाही. 'चालू आहे' या प्रयोगाची तर विशेष गंमत आहे. यंत्र फिरते एवढाही त्याचा अर्थ होतो आणि ते आपले काम नीट करते असाही होतो. शीतकपाटाची मोटर चालू असते, पण पाणी गार होत नाही. (माणसाच्या बाबतीत हाच शब्द वापरला असता होणारा तिसरा अर्थही ग्राहकाने विसरू नये.) याउलट '१९० लिटर, २०१९ साली घेतलेले, एकदा गॅस भरलेला, पावती उपलब्ध' हे शब्द खरे किंवा खोटे ठरू शकतात. म्हणून भेटीपूर्वी लेखी संदेशाने प्रश्न विचारून मोघम शब्दांचे निश्चित शब्दांत रूपांतर करून घ्यावे, आणि मूळ जाहिरातीसह ती उत्तरे जपून ठेवावीत. पावतीचा आग्रह केवळ वयासाठी नव्हे. चोरीची वस्तू पैसे मोजून घेतली तरी तिची मालकी सामान्यतः मिळत नाही.

यानंतर शब्द व वस्तू यांचा मेळ घालावयाचा. वस्तू विक्रेत्याच्या घरी, जेथे ती वापरात आहे तेथेच पाहावी. फाट्यावर टेम्पो उभा करून पैसे मागणारा विक्रेता सोयीचा वाटतो. परंतु रस्त्यावर विजेचे बटण नसते. शीतकपाट आधी बंद ठेवावयास सांगून आपल्यासमोर सुरू करावे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे, ती सहज निसटल्यास रबर सैल झाले आहे असे समजावे. वाहतुकीत ते उभेच ठेवावे. आडवे न्यावे लागल्यास सुरू करण्यापूर्वी काही तास उभे राहू द्यावे. वातानुकूलन यंत्रावरील ताऱ्यांची संख्या वर्षासह वाचावी, कारण १ जुलै २०२२ पासून निकष कडक झाल्यामुळे त्यापूर्वीचे पाच तारे तेव्हाच्या नव्या मोजणीत साधारणपणे चारच भरले. आर-२२ वायूवर चालणारे यंत्र शक्यतो टाळावे. मॉन्ट्रियल करारान्वये तो वायू टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

लोखंडी पत्र्याच्या कूलरचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आल्यावर दोषाची किंमत रुपयांत मोजता येत नाही. तीन पायांचा प्लग आहे काय, अर्थिंगची तार पत्र्याला खरोखर जोडलेली आहे काय, पंपाची वायर कोठे सोललेली आहे काय, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. कूलर चालू असता पत्र्याला लावलेला टेस्टर पेटला, तर कितीही कमी भावात तो घेऊ नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविणे हा अशा खरेदीचाच भाग मानावा.

पैशांच्या बाबतीत नियम एकच आहे : वस्तू पाहण्यापूर्वी इसार नाही. बदली झाल्याचे सांगून तातडीने विकणारा आणि 'फक्त भाड्यापुरते आधी पाठवा' म्हणणारा अध्याहृत कर्ता पुष्कळदा अस्तित्वातच नसतो. यूपीआय व्यवहारात पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही नाही. परताव्यासाठी क्यूआर कोड पाठविणारा पैसे देत नसून मागत असतो. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी थोपविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

सारांश, 'विकणे आहे' या वाक्याला ग्राहकाने स्वतः कर्ता मिळवून द्यावा, वर्णनाला निश्चितता आणावी, आणि मगच क्रिया पूर्ण होऊ द्यावी.